आत्याच्या ग्रुपवरचा 'कबरबिज्जू'

काल रात्री साडेअकराला आत्याचा फॉरवर्ड, खाली लिहिलेलं 'बाळा, खरं हाय का रे हे? गच्चीवर जाऊ का नको?' नागपुरात मानेवाड्याला तिच्या टिनाच्या छतावर रोज रात्री काहीतरी धडधडतं, म्हणून घाबरली बिचारी. मेसेजचं म्हणणं असं की जंगलाचे तुकडे झाले तर त्रास फक्त वाघाला, लहान मांसाहारी जनावरं उलट वाढून राहिलीत, पेंचच्या जंगलातल्या हायवेवर जनावरांसाठी बांधलेल्या पुलांखालून सगळे आरामात जातात, आणि शहरात घुसलेला कबरबिज्जू मुडदे उकरतो, लेकरं उचलतो, दिसला की ठोका.

शेवटचं आधी घेतो, डोकं तिथंच फिरलं. हा कबरबिज्जू म्हणजे आपला मसन्याऊद, उदमांजर. जास्तीत जास्त पाचेक किलोचं, फळं, उंदीर, किडे खाणारं, दिवसा ढोलीत नाहीतर छताच्या सांदीत झोपणारं. कोंबडीचं पिल्लू नेईल, पण लेकरू कसं उचलेल बापा? नावात मसण आलं की झाली स्टोरी तयार. आणि ठोकलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, तेव्हा फॉरवर्डवाला जामीन द्यायला येत नाही. फारच वाटलं तर वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६ लावायचा, बस.

'लहान वाढतात' हे अर्धं खरं आहे, मानावं लागतं. केविन क्रूक्स नावाच्या संशोधकाने दक्षिण कॅलिफोर्नियात शहराने कापलेले झाडोऱ्याचे २९ तुकडे आणि १० सलग जागा घेऊन पावलांचे ठसे तपासले, पेपर २००२ चा. तुकड्यांत करडा कोल्हा, ओपोसम आणि घरची मांजरं वाढली, पण बॉबकॅट (तिथलं रानमांजर), बॅजर, ठिपक्यांचा स्कंक, लांब शेपटीचा वीजल हे तिथले मांसाहारी तुकडा जितका छोटा आणि एकटा तितके गायब. वीजल तर आपल्या मुंगसाहून लहान! मग लहान म्हणून वाचला कुठं? तिथली झाडी वेगळी, आकडे इथं चिकटवत नाही, पण टिनावर दिसतं ते टिकलेलं जनावर, जे संपलं त्याचा व्हिडिओ कोण टाकणार?

राहिले पूल. पेंचमधून जाणाऱ्या हायवेच्या मनसर-खवासा पट्ट्यात ९ आहेत, २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत १८ प्रकारचे प्राणी खालून जाताना आले, हे खरंच. पण जनावरांना रस्ता आडवा येत नसता तर कोर्टकचेऱ्या करून हे पूल बांधायला लावले कशाला?

आत्या, तू बिनधास्त जा गच्चीवर. पपईला मात्र पोतं बांधून ठेव.