‘फक्त पहिली व्हीओबी ठेवा’ सांगणारा तो फॉरवर्ड धादांत चुकीचा आहे

‘जुन्या डीव्हीडी पाच मिनिटांत पेनड्राइव्हवर घ्या’ असा एक फॉरवर्ड सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. गेल्या रविवारी तो आमच्या मामांपर्यंत पोचला, त्यांनी ताईच्या लग्नाची डीव्हीडी त्यात लिहिल्याप्रमाणे कॉपी केली आणि मग डिस्क मोडून कचऱ्यात टाकली, कारण तेही त्यातच लिहिलंय. पेनड्राइव्हवर आता सीमांतपूजन आहे आणि नवरदेव मांडवाच्या दारात आला की फाइल संपते. अंतरपाट नाही, सप्तपदी नाही, आज्जीने माइक हातात घेऊन म्हटलेली मंगलाष्टकं नाहीत. आज्जी २०१४ मध्ये गेली. मामांना काय बोलणार, त्यांनी विश्वासाने केलं, पण हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी डीव्हीडीचा फोल्डर उघडून बघितला होता का?

फॉरवर्ड म्हणतो: ‘शेवटी १ असलेली व्हीओबी म्हणजे मूळ व्हिडिओ, २, ३, ४ म्हणजे तोच व्हिडिओ दुसऱ्या भाषांत, त्या डिलीट करा.’ सगळं नुकसान या एका वाक्याने केलंय. व्हीओबी म्हणजे डीव्हीडीवरची ती फाइल, जिच्यात प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो. डीव्हीडीवर व्हीओबी फाइल १ जीबीच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून लांब व्हिडिओचे सरळ तुकडे पडतात. व्हीटीएस_०१_१ संपली की त्याच क्षणापासून व्हीटीएस_०१_२ सुरू, असं ९ पर्यंत जाऊ शकतं. साधारण ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) रेकॉर्डिंग असेल तर एका तुकड्यात २८-२९ मिनिटं बसतात. म्हणजे अडीच तासांच्या लग्नातला पहिला अर्धा तास ठेवला आणि उरलेले दोन तास ‘दुसरी भाषा’ म्हणून टाकून दिले!

भाषा अशा वेगळ्या फाइलमध्ये नसतातच. व्हीओबीच्या आत २०४८ बाइटचे छोटे छोटे पॅक एकामागोमाग असतात, थोडं चित्र, थोडा पहिल्या ट्रॅकचा आवाज, थोडा दुसऱ्याचा, परत चित्र. मराठी-हिंदी दोन्ही ट्रॅक असलेली डिस्क असेल तर प्रत्येक तुकड्यात दोन्ही भाषा असतात, प्लेअर त्यातली एक ऐकवतो एवढंच. असे जास्तीत जास्त ८ ऑडिओ ट्रॅक आणि ३२ सबटायटल.

मग कुठला ट्रॅक कुठल्या भाषेचा हे प्लेअरला कळतं कुठून? डिस्कवरच्या व्हिडिओची माहिती नोंदवणाऱ्या आयएफओ फाइलमधून, जिला हा फॉरवर्ड ‘व्हायरससारख्या फालतू फाइली’ म्हणतो. ज्याला माझं पटत नाही त्याने व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या लिबडीव्हीडीरीड या डीव्हीडी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड बघावा, तो सगळ्यांना खुला आहे. त्यात आयएफओची पूर्ण रचना लिहिलीये: ऑडिओच्या ८ जागा, प्रत्येकीत दोन अक्षरी भाषा-कोड, चॅनल किती, आणि हा ट्रॅक साधा आहे की दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीचा, इतकं सगळं. टायटलचंही तेच. टायटल म्हणजे फाइल नव्हे, कुठले तुकडे कुठल्या क्रमाने वाजवायचे याची आयएफओत नोंदवलेली वाट असते ती. एका टायटल सेटमध्ये (म्हणजे व्हीटीएस_०१ सारख्या एकाच क्रमांकाच्या फाइलींच्या गटात) अनेक टायटल असू शकतात, म्हणून मेनूतलं तिसरं टायटल व्हीटीएस_०३ मध्येच सापडेल असं काही नाही. आयएफओ उडवली की चित्र दिसेल कदाचित, पण भाषांची नावं, चॅप्टर, क्रम सगळं जातं. बीयूपी ही तिचीच बॅकअप कॉपी आहे, डिस्कवर ओरखडा आला तर कामी यावी म्हणून.

फॉरवर्ड पुढे म्हणतो: ‘ऑडिओ_टीएस फोल्डर रिकामा म्हणजे आवाज गेला, डिस्क फेका.’ अहो, तो डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी आहे, व्हिडिओ डिस्कवर तो रिकामाच असतो. आवाज व्हीओबीत आहे, वर सांगितलं.

एक-दोन गोष्टी बरोबर आहेत, मान्य करतो. व्हीओबीचं नाव बदलून एमपीजी केलं तर बऱ्याचदा चालते, कारण आत एमपीईजी-२ याच प्रकारचा व्हिडिओ असतो. सगळ्यात मोठा सेट बहुतेक वेळा मुख्य व्हिडिओचा असतो हेही खरं. पण सेट मोठा म्हणजे त्यातल्या सगळ्या फाइली मिळून मोठा, त्यातली पहिली नव्हे.

ताईच्या सासरी दुसरी कॉपी आहे, भावजी शनिवारी घेऊन येतायत. व्हीओबी, आयएफओ सगळं ज्यात असतं तो अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर जसाच्या तसा कॉपी करणार, व्हीएलसीत तो फोल्डर उघडून मंगलाष्टकांपासून वरातीपर्यंत ऐकून बघणार, मग मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने एका टायटलची एक फाइल करणार, त्यात चित्र-आवाजाची क्वालिटी तसूभर कमी होत नाही. मामांना शेजारी बसवून करणार आहे. ज्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आलाय त्यांनी आजच घरी फोन करा आणि डिस्क मोडू नका म्हणून सांगा.