खडखड झाली की शॉकअप बदला? आधी आवाज कुठला ते शोधा

पावसाळा सरत आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: खराब रस्त्यावर गाडी पुढून खडखडली म्हणजे शॉकअप गेले, खात्रीसाठी बोनेट दाबून बघा, चारही एकदम बदला, तोवर रबरांवर जुनं इंजिन ऑइल मारा, आणि सध्या पैसे नसतील तर चालू द्या, आवाजानं गाडी थांबत नाही. यातल्या चार गोष्टी पैसे घालवणाऱ्या आहेत आणि पाचवी जिवावर बेतू शकते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. तो थकला की गाडी झुलते, खड्डा गेल्यावरही वर-खाली होत राहते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. त्याच्या नळीवर तेल ओघळतं आणि त्यावर आपल्याकडची काळी धूळ चिकटून थर बसतो. हा थर दिसला तर शॉकअपचा खर्च जरूर करा. पण वेग कमी असताना, उखडलेल्या डांबरावर जी बारीक, सुटी खडखड ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा लिंक रॉड असतो. दोन्ही पुढच्या चाकांना सांधणारा जो आडवा स्टॅबिलायझर बार असतो, त्याच्या दोन टोकांना हे वीतभर लांबीचे रॉड लागतात. रॉडच्या टोकाला गोळी, गोळीवर रबरी टोपी. उन्हाळ्यात ४५ अंश सोसून ते रबर तडकतं, शिवारातल्या रस्त्यांची माती आत शिरते, ग्रीस संपतं आणि गोळी आपल्या घरात वाजू लागते.

हे ओळखायची सोपी खूण आहे. सरळ, आडव्या गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली की हा बार पिळला जात नाही, त्यामुळे आवाज फारसा येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखड. असं होत असेल तर संशय आधी लिंकवर आणि बारच्या बुशवर, म्हणजे बार धरून ठेवणाऱ्या रबरांवर घ्या.

मग तपासा. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे हात घाला आणि लिंक मुठीत धरून जोरात हलवा. गोळी झिजली असेल तर बोटांना टकटक जाणवते, फाटलेली टोपीही हाताला लागते. लोक इथेच चुकतात: एकच चाक जॅकवर उचलतात. तसं केलं की बार पिळतो, लिंकवर ताण येतो आणि ढिलेपणा लपून जातो. मग ‘लिंक ठीक आहे’ म्हणून शॉकअप मागवले जातात.

पारोळ्याच्या माझ्या मामेभावाचं असंच झालं. पुढचे दोन्ही शॉकअप नवे बसवले, एरंडोल यायच्या आत फोन आला: ‘भाऊ, पैसा गयात, आवाज तठेच शे.’ डावा लिंक हातानं हलत होता.

तरी ‘मी शॉकअप बदलले आणि आवाज गेला’ असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. अनेक गाड्यांत लिंक शॉकअपच्याच नळीला बोल्टनं लागलेला असतो. शॉकअप काढायचा तर लिंक सोडावा लागतो, परत आवळावा लागतो. नट नुसता ढिला असेल तर तेवढ्यानंच आवाज जातो आणि श्रेय नव्या शॉकअपला मिळतं. शॉकअप वर गाडीला जिथे लागतो तो रबरी माउंटही त्याच वेळी बदलला असेल, तर तोच खरा दोषी असण्याची शक्यता आहे.

बोनेट दाबायची चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप दाखवते. आवाज कुठून येतो, हे तिला कळत नाही. त्यापेक्षा खडखडीच्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, ब्रेक हलकेच दाबून बघा. आवाज थांबला तर गडबड बहुधा ब्रेकच्या पॅडमध्ये किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आहे. डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी आधी घट्ट आहेत ना, तेही बघा. चारही शॉकअप एकदम बदलण्याचीही गरज नसते. पुढची जोडी किंवा मागची जोडी, एवढाच नियम.

जुनं ऑइल तर मुळीच नको. खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, लवकर फाटतं.

लिंक घरी बदलता येतो. पुढची दोन्ही चाकं सारखी उचला, गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. नट फिरवताना गोळीचा बोल्ट सोबत फिरतो, म्हणून त्याच्या टोकाला एलन की घालून तो धरून ठेवायचा. यानंतर चाकांची अलाइनमेंट लागत नाही. चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोअर आर्म मात्र बदललात तर बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच बसतं आणि लवकर तुटतं. वर अलाइनमेंटही करून घ्या. शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेली असते, ती घरी खोलू नका.

आता ‘चालू द्या’चं. लिंक तुटला तर वळणावर गाडी जास्त कलेल, तेवढंच. पण तोच आवाज लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचा असू शकतो, आणि तो निखळला की चाक आडवं पडतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा हायवेवर हे झालं तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. म्हणून चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खटका जाणवला आणि आर्मच्या टोकाशी खेळ दिसला, तर त्या गाडीत घरच्यांना बसवू नका. मेस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.