माया घेण्यापुरतीच का?

'दीर्घ आजार असलेल्या मुलांशी सगळ्यांनी मायेने वागावं' हे एका लेखातलं म्हणणं बरोबरच आहे, पण त्यात मूल कायम घेणाऱ्याच्याच बाजूला राहतं. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. येणारा-जाणारा 'बिच्चारी' म्हणत डोक्यावरून हात फिरवतो, तेव्हा ती अंग चोरते. तीच मुलगी दवाखान्यात नुकतंच निदान झालेल्या एका मुलाला साखर तपासायला बोट कसं टोचायचं ते समजावत होती, "मधोमध नको, बोटाच्या कडेला टोच, कमी दुखतं." काय चेहरा खुलला होता तिचा! अशा संधी या मुलांना मुद्दाम द्यायला हव्यात.

आणि घरातल्या चौकशीचं काय? साखर मोजायच्या मीटरवर २५० (म्हणजे बरीच जास्त) दिसले की आपला पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" वयात येताना संप्रेरकांमुळे, साध्या तापाने, परीक्षेच्या ताणानेही साखर चढते, दर वेळी पोराचीच चूक नसते. सारखी उलटतपासणी झाली की मुलं आकडे लपवायला लागतात, हे आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे आमच्याकडे आधी इन्सुलिनचं बघायचं, प्रश्न नंतर.