‘एका प्रश्नाला एक मिनिट’ हा हिशेबच चुकीचा

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच सल्ला फिरू लागतो. १८० प्रश्न, १८० मिनिटं, म्हणून प्रश्नाला एक मिनिट. क्रम सोडू नका, आकडेमोड पूर्ण करा, ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटी भरा, अंदाजानं उत्तर देऊ नका. इथल्या भंवरकुआं भागातल्या क्लासेसमध्ये दोन वर्षं काढलेली मुलंही तो पुढे पाठवतात. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनला १८० मिनिटांत ७५च प्रश्न असतात, तरी तिथेही हाच संदेश!

एका गोलाला पाच सेकंद धरले तर १८० गोलांत १५ मिनिटं गेली. उरली १६५. जीवशास्त्राचे ९० प्रश्न बहुतांशी वाचून उत्तर द्यायचे. सराव असेल तर पाऊण तासात होतात. रसायनशास्त्राला तेवढाच वेळ द्या, म्हणजे भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांना ७५ मिनिटं उरतात. प्रश्नाला १०० सेकंद.

क्रमाचा आग्रह तर निव्वळ हट्ट. सोप्या प्रश्नालाही ४ गुण, अवघडालाही ४. अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जावं.

सगळ्यात महाग पडतो तो आकडेमोडीचा सल्ला. कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून पेन टेकवण्याआधी पर्याय बघायचे. समजा, दोन सेकंद आवर्तकालाच्या लंबकाची लांबी विचारली आहे आणि पर्याय पाव, अर्धा, एक, दोन मीटर आहेत. लांबीच्या सूत्रात (gT²/४π²) वर g म्हणजे ९.८, खाली π चा वर्ग म्हणजे ९.८७, दोन्ही जवळपास कटतात, आवर्तकालाचा वर्ग ४ खालच्या ४ शी कटतो. उत्तर एक मीटर, भागाकार न करता. पर्याय ०.९७, ०.९९ असे चिकटून असतील तेव्हा मात्र नीट गुणाकार करावाच लागतो. रसायनातही तसंच: ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच (आम्लतेचं माप) काढायला २ चा लॉग ०.३ एवढं पाठ असलं तरी पुरे. ०.००२ म्हणजे २ × १०⁻³, म्हणून ३ वजा ०.३ म्हणजे २.७.

गोल शेवटी भरणं धोक्याचं. सोडलेला एखादा प्रश्न नजरेतून निसटला की पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात, आणि बॉलपेन खोडता येत नाही. पान संपलं की त्या पानाचे गोल भरून टाकावेत.

अंदाजाचं म्हणाल तर बरोबरला ४, चुकीला वजा १. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडताना सरासरी दीड गुण पदरात पडतो. तो सोडून देणं मला तरी पटत नाही.