थर्मोकोलवर थेट रेझिन? आधी हे वाचा
रविवारी रात्री भाच्याचा फोन. ‘मामा, होडी गेली!’ दोन फुटी रिमोटच्या होडीसाठी चार दिवस घासून केलेला थर्मोकोलचा साचा, आणि फायबर पक्कं करणाऱ्या रेझिन नावाच्या चिकट द्रवाचा पहिलाच हात दिल्यावर उंदरानं कुरतडावा तशी त्याला भोकं. कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला त्यानं तंतोतंत पाळला होता: ‘फायबरच्या पार्टसाठी महाग साचा नको. थर्मोकोल कोरा, खोबरेल लावा, वर थेट रेझिन. कोबाल्ट आणि हार्डनर एकाच बाटलीत मिसळून ठेवा. घाई असेल तर चौपट टाका.’

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. दुकानातलं साधं पॉलिस्टर रेझिन पातळ केलेलं असतं स्टायरीननं. स्टायरीनमध्ये थर्मोकोल विरघळतो, मग ते खाणारच! वर खाकी पॅकिंग टेप सुरकुती न पडता चिकटवा, नाहीतर इपॉक्सी रेझिन वापरा, त्यात स्टायरीन नसतं.

पण ती बाटली! हार्डनर म्हणजे रेझिन घट्ट करणारा एमईकेपी, हा पेरॉक्साइड आहे; कोबाल्ट म्हणजे त्याचं काम वेगानं करवून घेणारं द्रव. कोबाल्टशी त्याची थेट गाठ पडली की तो भडकतो, स्फोटही होतो. हार्डनरच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं की हे दोन्ही थेट एकत्र करू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून नीट ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. बरीच रेझिनं कोबाल्ट घालूनच विकतात, तिथे तर तो प्रश्नच नाही. आणि चौपट कशाच्या? १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर, आपल्या उन्हाळ्यात १ च्या जवळ. एका मे महिन्यात मीही अंदाजपंचे ओतला होता. प्लॅस्टिकचा ग्लास हातात मऊ पडला, धूर निघाला आणि रेझिन तडकलं. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. त्या मजकुरात गॉगलचं नावसुद्धा नाही.

खोबरेलचं काय सांगू! थंडीत ते थिजतं, ब्रशच्या रेघा पार्टवर उमटतात, आणि तेलावर रेझिन अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होतं. पार्ट साच्यातून सुटायला मेणाच्या पॉलिशचे तीन-चार हात, वर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) चा पातळ थर.

महाग साचा नको, हे मात्र झक मारत मान्य. एक-दोनच पार्ट काढायचे तर प्लास्टर ऑफ पॅरिसही चालतं, फक्त पूर्ण वाळू द्या आणि वर लाखेचा हात द्या. ओल राहिली तर रेझिन चिकट राहतं.

भाच्याला शेवटी घाबरतच विचारलं, ‘ती बाटली केलीस का रे?’

‘नाही ना. दुकानदार म्हणाला, या रेझिनला कोबाल्ट लागत नाही, आणि दिलाच नाही.’