लफडेबाज नेत्याने घ्यावयाची काळजी

राजकारणात उतरायचं ठरवलंत, अभिनंदन! उतरलात की कधी ना कधी पाय घसरणारच, तेव्हा निस्तरायची तयारी आधीच केलेली बरी. आपल्याकडे हे काम फार ढिसाळ चालतं. क्लिप फिरते, चॅनेलवाले दोन दिवस तापतात आणि 'आवाज माझा नाही' म्हटलं की भागतं. शास्त्रोक्त शिकायचं असेल तर अमेरिका गाठावी.

पहिला धडा : आपलं लफडं चालू असतानाच दुसऱ्याच्या लफड्यावर तुटून पडा. १९९८ साली बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली इंटर्न मोनिका लेविन्स्की यांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सभापती होते न्यूट गिंग्रिच. त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने नीतिमत्तेचा झेंडा खांद्यावर घेतला. राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने मार खायचा, ही तिकडची रीत. त्या नोव्हेंबरात झालं उलटंच. क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाच जागा वाढल्या. १९३४ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. तीन दिवसांत गिंग्रिच यांनी पद सोडायचं जाहीर केलं.

या सगळ्या काळात गिंग्रिच यांचं स्वतःचंही एक प्रकरण चालू होतं. संसदेतल्याच एका कर्मचारी बाईंबरोबर, वयात तेवीस वर्षांचं अंतर. हे त्यांनी कबूल केलं २००७ साली. वर खुलासा असा की, क्लिंटन यांचा प्रश्न व्यभिचाराचा नव्हताच, शपथेवर खोटं बोलण्याचा होता. हा खुलासा पाठ करून ठेवा, कुठेही चालतो. त्याच बाई पुढे त्यांच्या तिसऱ्या पत्नी झाल्या आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या राजदूत म्हणून रवाना झाल्या. कुठे? व्हॅटिकनला, पोपच्या दारी.

आणि कुणी थेट विचारलंच तर? २०१२ च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनात, राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मागणाऱ्यांची टीव्हीवर चर्चा होती, त्यात गिंग्रिचही होते. गिंग्रिच यांच्या दुसऱ्या पत्नीची मुलाखत नुकतीच गाजत होती आणि निवेदकाने पहिलाच प्रश्न त्यावर टाकला. गिंग्रिच यांनी खाली मान घातली नाही. त्यांनी निवेदकालाच झापलं : राष्ट्राध्यक्षपदाची चर्चा असल्या प्रश्नाने सुरू करता, लाज वाटत नाही का, अशा थाटात. सभागृह उभं राहून टाळ्या पिटू लागलं. दोन दिवसांनी त्या राज्यातली पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी आरामात जिंकली. तेव्हा प्रश्न लफड्याचा आला की उत्तर पत्रकारितेच्या घसरत्या दर्जावर द्यावं.

गिंग्रिच यांच्या खुर्चीवर बसणार होते बॉब लिव्हिंग्स्टन. एका अश्लील मासिकाचे मालक लॅरी फ्लिंट यांनी खासदारांच्या भानगडींच्या माहितीसाठी दहा लाख डॉलरपर्यंतच्या बक्षिसाची जाहिरातच दिली होती, आणि लिव्हिंग्स्टन त्या गळाला लागले. १९ डिसेंबर १९९८, क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाच्या मतदानाचा दिवस. क्लिंटन यांनी राजीनामा द्यावा, असं ते सभागृहात ठणकावून सांगत होते. समोरच्या बाकांवरून ओरडा झाला : 'तुम्ही द्या, तुम्ही द्या!' आणि गृहस्थांनी खरंच दिला. असला आततायीपणा तुम्ही मुळीच करू नका.

महाभियोगाची बाजू मांडणारे हेन्री हाइड जास्त मुरलेले. त्यांचंही जुनं प्रकरण निघालं, तेव्हा ते तारुण्यातल्या चुकांत जमा करून मोकळे झाले. प्रकरण सुरू झालं तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. तारुण्य कधी संपतं हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याने राखून ठेवावा.

शेवटी अगदी धुतल्या तांदळासारखा माणूस म्हणून सभापतिपदी डेनिस हॅस्टर्ट यांना बसवलं. २०१६ मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. कुस्तीचे प्रशिक्षक असताना मुलांवर केलेल्या अत्याचाराची वाच्यता होऊ नये म्हणून द्यायचे पैसे त्यांनी बँकेतून नियम चुकवून काढले होते. इथे मात्र चेष्टा सुचत नाही.

लिव्हिंग्स्टन यांच्या जागी लुइझियानातून आले डेव्हिड व्हिटर, कुटुंबसंस्थेचे कैवारी. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका एस्कॉर्ट-सेवेच्या फोन नोंदींत त्यांचा नंबर सापडला. त्यांनी पाप मान्य केलं आणि देवाने व पत्नीने आपल्याला क्षमा केल्याचं कळवून टाकलं. पुढे पत्रकार परिषदेत पत्नी शेजारी उभीही राहिली. वरच्या दोन कोर्टांत निर्दोष सुटलेल्या माणसाला मतदार कशाला अडवेल? २०१० मध्ये सिनेटवर ते दणक्यात निवडून आले. गव्हर्नरपदाला २०१५ मध्ये आपटले, पण तोवर आठ वर्षं निघाली होती.

तुम्ही दुसऱ्या पक्षाचे असाल तर नाराज होऊ नका, सोय तिकडेही आहे. विवाह म्हणजे फक्त स्त्री-पुरुषांचाच, असं ठरवणाऱ्या १९९६ च्या कायद्यावर सही क्लिंटन यांची, आणि तीही लेविन्स्की प्रकरण चालू असताना. निवडणुकीत ख्रिस्ती रेडिओवर त्याची जाहिरातही केली. महाभियोगाच्या सुमारास त्यांची लोकप्रियता सत्तर टक्क्यांच्या वर गेली. प्रकरण सुरू झालं तेव्हा बावीस वर्षांची असलेली ती मुलगी पुढची कित्येक वर्षं विनोदी कार्यक्रमांचा माल झाली. स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी तेव्हा मिठाची गुळणी धरली होती. हिशेब चुकता करायला कुणीतरी लागतंच, ते तुम्ही नसावं एवढं बघा.

आता एकच धोका सांगायचा राहिला. मार्क सॅनफर्ड, साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर. २००९ मध्ये काही दिवस बेपत्ता झाले. कार्यालय म्हणालं, साहेब डोंगरात पायी भटकायला गेलेत. साहेब अर्जेंटिनात प्रेयसीकडे होते. २०१३ मध्ये त्याच राज्याने त्यांना पुन्हा संसदेत पाठवलं. २०१८ मध्ये मात्र पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचं तिकीट गेलं; त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर टीका केली होती. मतदान संपायला काही तास असताना ट्रम्प यांनी ट्वीट केलं : हा माणूस अर्जेंटिनातच बरा. त्याच वर्षी जानेवारीत, एका अश्लील चित्रपटातल्या अभिनेत्रीला गप्प बसण्यासाठी ट्रम्प यांच्या वकिलाने १ लाख ३० हजार डॉलर दिल्याची बातमी छापून आली होती.