‘थर्मोस्टॅट काय शोभेला दिलाय का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार तंत्रज्ञसाहेब,

‘जुना तंत्रज्ञ’ या नावानं तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. उत्तर देणार नव्हतो, पण खाली चार जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावलेल्या पाहिल्या आणि राहवलं नाही.

घरी बिअर आंबवण्यासाठी जुन्या फ्रिजला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर (तापमान बघून फ्रिजची वीज चालू-बंद करणारा डबा) जोडायची पद्धत मी माझ्या लेखात सांगितली होती. तुमच्या मते हा ‘कॉम्प्रेसरचा खून’. वर हे वाक्य: ‘कंपनीनं थर्मोस्टॅट काय शोभेला दिलाय का? अर्धवट ज्ञानावर लोकांच्या फ्रिजची वाट लावू नका.’

आधी माझी चूक. कंट्रोलरच्या वायरच्या टोकाशी जो सेन्सर असतो त्याला मी ‘थर्मोकपल’ (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) लिहिलं. एसटीसी-1000 सारख्या कंट्रोलरला एनटीसी थर्मिस्टर (गरम झाला की विजेला कमी विरोध करणारा सेन्सर) येतो. हे तुम्ही दाखवलंत, आभारी आहे. खरं बोलायला मला लाज वाटत नाही.

पण ‘अर्धवट ज्ञान’? साहेब, माझे वडील फ्रिज दुरुस्त करायचे. मी सातवीत असल्यापासून त्यांच्यामागे टॉर्च धरून उभा राहिलोय. त्यांचा पहिला धडा हाच, की बंद झालेला फ्रिज लगेच चालू करायचा नाही. कॉम्प्रेसर थांबला की दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब कॅपिलरीतून (केसासारख्या बारीक नळीतून) हळूहळू सारखा होतो, त्याला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर नुसती गुणगुणते, भरमसाट करंट ओढते आणि ओव्हरलोड (मोटर वाचवायला वीज तोडणारा स्विच) ‘टक्’ करून उडतो. हा आवाज मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही ओळखेन. म्हणून तर कंट्रोलरमध्ये डिलेची (थांबल्यावर किती वेळ चालू करायचं नाही याची) सेटिंग असते, आणि ती 5 मिनिटांवर ठेवा असं मी लेखात स्वच्छ लिहिलंय. चौथ्या परिच्छेदात. तुम्ही बहुधा तिसऱ्यातच प्रतिक्रिया लिहायला बसलात.

आता तो शोभेचा थर्मोस्टॅट, म्हणजे गारवा ठरवणारा फ्रिजचा स्वतःचा नॉब. साध्या फ्रिजमध्ये त्याची बारीक नळी बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला टेकलेली असते. त्याला पत्रा किती गार आहे ते कळतं, पिंपातल्या बिअरचं काही कळत नाही. शिवाय तो बनवलाय दूध-भाजीसाठी, 4 अंशांच्या आसपास राहायला. नॉब अगदी कमीवर आणला तरी 18 अंशांवर तो काही थांबत नाही. एल जातीच्या बिअरच्या यीस्टला साधारण 18 ते 20 लागतात. 4 अंशांवर ते तळाशी जाऊन निजतं. मग शोभेला नाही तर कशाला ठेवू? माझ्याकडे तो सगळ्यात गारवर फिरवून ठेवलाय, मध्ये लुडबुड करू नये म्हणून. चालू-बंदचा निर्णय बाहेरचा कंट्रोलर घेतो.

‘आमच्या वेळी लोक फ्रिजशिवायच बनवायचे’ असंही तुम्ही म्हणता. मीही बनवली. पहिली बॅच घंगाळात पाणी घालून, वर ओला पंचा गुंडाळून. खोलीत 28 अंश. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे आतला रस (आंबत असलेली बिअर) खोलीपेक्षा आणखी काही अंश वर जातो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर नेलपॉलिशचा वास. तरी हट्टानं बाटल्या भरल्या, दोन प्यायलो, दुसऱ्या दिवशी कपाळ धरून बसलो आणि उरलेल्या मोरीत ओतल्या. हे ज्ञान अर्धवट म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि कॉम्प्रेसरचा खून म्हणता, तर हिशोबच करू. 20 लिटर बिअर, उष्णतेच्या बाबतीत पाणीच धरा. एक अंश उतरवायला सुमारे 84 किलोज्यूल काढावे लागतात. दोनशे लिटरच्या फ्रिजमधली नुसती हवा एक अंश गार करायला पाव किलोज्यूल पुरतो. म्हणजे सेन्सर हवेत लोंबता ठेवला तर दार उघडलं की कॉम्प्रेसर धावणार, मिनिटात थांबणार, पुन्हा धावणार. तेव्हा तुमचं म्हणणं खरं ठरेल. पण मी तो हवेत ठेवतच नाही. पिंपाच्या कुशीला, रसाच्या पातळीखाली, चिकटपट्टीनं बसवतो आणि त्यावर जुन्या झोपायच्या मॅटचा हातभर तुकडा दाबून बांधतो, म्हणजे त्याला हवा लागत नाही. फरक 1 अंशाचा. 20 झाले की चालू, 19 झाले की बंद. परवा फ्रिजशेजारी गादी टाकून झोपलो (घरचे काय म्हणाले ते सोडा) आणि कॉम्प्रेसर चालू करताना होणारे रिलेचे (कंट्रोलरमधल्या स्विचचे) आवाज मोजले. रात्री दहा ते सकाळी सहा, पाच वेळा. आमचा स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढ्यांदा दोन-अडीच तासांत वाजतो. खून नक्की कोण करतंय?

बाकी फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची वीज अशी तोडली की त्याचा डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवायचा) टायमर अडकतो, इलेक्ट्रॉनिक बोर्डवाला फ्रिज वीज परत आली तरी आपणहून सुरू होईलच असं नाही, बंद फ्रिजमध्ये ओल धरते वगैरे. ज्यांच्याकडे तसे फ्रिज आहेत ते बघून घेतील. माझा एका दाराचा, नॉबवाला आहे आणि सात वर्षं चाललाय. प्रत्येक फ्रिजची कुंडली मी कुठे मांडत बसू?

पुढच्या वेळी मुद्दा जरूर मांडा, पण आधी लेख शेवटपर्यंत वाचा आणि ‘वाट लावू नका’ ही भाषा आपल्या घरी ठेवा. थर्मोकपलचं थर्मिस्टर केलंय. खात्री करून घ्यायची असेल तर दुसरा परिच्छेद, तिसरी ओळ.